सव्वीस दिवसांचा गुंता

घरात कुणी महिनाभर अंथरुणाला खिळलं असेल तर हे वाचायचं नंतर. आधी उठा, त्या माणसाच्या मानेखाली हात घाला आणि मागचे केस कसे आहेत ते बघा. आपण रिपोर्ट बघतो, सलाईन बघतो, लघवीची पिशवी भरली का बघतो. केसांकडं कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या केसांकडं माझंही गेलं नव्हतं, आणि मी तर त्याच धंद्यातली बाई.

मी सुमन. गुलमंडीला एका कटलरीच्या दुकानात चौदा वर्षं काउंटरवर आहे. आमच्याकडं कटलरी म्हणजे टिकल्या, बांगड्या, क्लिपा, मेंदी, तेलं आणि शाम्पू. बायका यायच्या, "ताई, केस लई गळतात हो, काय लावू?" की माझं कीर्तन सुरू. कोरडे केस असतील तर हे, कोंडा असेल तर ते, आणि बाई गं, ओल्या केसांवर फणी फिरवू नको. माझे स्वतःचे केस कमरेच्या खाली. मालकीणबाई गिऱ्हाइकाला माझी वेणी दाखवायच्या आणि एखादं महागाचं तेल पुढं सरकवायच्या. "ह्याच तेलानं झाले का?" असं कुणी विचारलं तर मी खुशाल हो म्हणायचे. खरं म्हणजे मी घाण्याचं खोबरेल लावायचे आणि जी पुडी फुटलेली असेल त्या शाम्पूनं धुवायचे. माफ करा, पण धंदा होता.

पाय माझे आहेत

सुरुवात पायाच्या बोटांपासून झाली. मुंग्या आल्या. दिवसभर उभं राहायचं काम, त्यामुळं मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी हातातून तेलाची बाटली सुटली, मग दुसरी सुटली. मालकीणबाई म्हणाल्या, "सुमन, लक्ष कुठंय?" तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उस्मानपुऱ्यात आमच्या घराच्या जिन्यापाशी उभी राहिले आणि उजवा पाय पायरीवर चढेचना. मी त्याला रागावले सुद्धा. मग तिथंच खाली बसले. माझे मिस्टर वाळूजच्या कंपनीतून येईपर्यंत अर्धा तास मी जिन्यात बसून होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की हवा खायला बसलेय.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हललाच नाही. पुन्हा मारली. मग ते ह्यांच्याकडं बघून बोलायला लागले. मी म्हणाले, "डॉक्टर, माझ्याकडं बघून सांगा. पाय माझे आहेत." ते जरा ओशाळले आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. म्हणाले, अंगातली आजाराशी लढणारी ताकद चुकून आपल्याच नसांवर उलटते, असा हा आजार. जीबीएस म्हणतात. पायांतून वर चढतो. हात जातील. छातीपर्यंत गेला तर श्वासाला मशीन लावावं लागेल. बहुतेक माणसं बरी होतात, पण वेळ लागतो.

"किती वेळ?"

"ते आत्ता नाही सांगता येणार."

ते खरं बोलले म्हणून मला त्यांचा राग आला नाही. भीती मात्र वाटली.

आयसीयूत नेण्याआधी माझ्या मुलीनं, आरतीनं, माझी वेणी घातली. दहावीतली पोर, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हात चालतायत. "घट्ट घालते मम्मी, म्हणजे सुटणार नाही." घट्ट वेणी घातली, वर गुंडाळून अंबाडा केला आणि पिना खोचल्या. मी तिला शाबासकी दिली. चौदा वर्षं लोकांना शहाणपण शिकवलेल्या बाईनं ही पहिली चूक केली.

काचेच्या आत

चौथ्या दिवशी हात गेले. गेले म्हणजे जागेवरच होते, पण माझे राहिले नव्हते. नाकावर माशी बसली तरी ती तिच्या मर्जीनं उठेल तेव्हा उठेल. मशीन आणून उशाशी उभं केलेलं होतं. लागलं नाही, पण नऊ दिवस ते माझ्याकडं बघत होतं आणि मी त्याच्याकडं.

पहाटे पाचला अंग पुसायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची. एकदा डावी, एकदा उजवी, मग पाठ. दर वेळी डोकं उशीवर घासलं जायचं. घाम यायचा. ऑक्सिजनच्या मास्कचा पट्टा अंबाड्यावरूनच जायचा. पण सगळ्यात मोठी तकलीफ कोणती होती सांगू का, डोक्याला खाज सुटायची. हसू नका. मरणाची भीती चोवीस तास वाटत नाही, माणूस थकतं. खाज मात्र थकत नाही.

तिथं एक आयाबाई होत्या, सगळे त्यांना खाला म्हणायचे. ड्यूटी संपवून जाताना त्या माझ्याजवळ यायच्या, इकडंतिकडं बघायच्या आणि कपाळावरच्या केसांत बोटं घालून खाजवून द्यायच्या. त्यांच्या कामात ते बसत नव्हतं. मी डोळे मिटून घ्यायचे. एक दिवस त्यांनी मानेखाली चाचपलं आणि म्हणाल्या, "बाजी, पीछे के बालां का तो घोसला हो गया. काट डालूं क्या?"

मी म्हणाले, "नको खाला. हात गेले, पाय गेले. केस तरी राहू द्या."

"अच्छा, नै काटती. पन घरकू जाके पैले तेल डालना. सीधा पानी नक्को डालना, हां?"

मी हो म्हणाले आणि विसरले. फुकट मिळालेला सल्ला होता, आणि मला वाटायचं की ह्यातलं मला जास्त कळतं.

भेटायला दहा मिनिटं मिळायची. हे यायचे, पलंगाच्या कडेला उभे राहायचे आणि नळाला पाणी आलं का, गॅस संपला का, ते सांगायचे. निघताना "होईल सगळं नीट" म्हणायचे. मला इतका संताप यायचा. एकदा मी म्हणाले, "काय होईल? तुम्हाला काय माहितीय?" ह्यांनी मान खाली घातली आणि दहातली चार मिनिटं तशीच गेली. आता वाटतं, त्या माणसाजवळ दुसरे शब्द नव्हते. असते तर त्यानं आणले असते.

सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, एकदा गावाहून आल्या होत्या. वैजापूरकडं आमचं गाव, सासरची मेंढरं आहेत, धाकटे दीर ती घेऊन हिंडतात. आत्यांना आत सोडलं नाही. त्यांनी काचेतून बघितलं, दोन्ही हात काचेवर टेकवले आणि काहीतरी पुटपुटल्या. मला ऐकू आलं नाही. सव्वीस दिवसांनी मला घरी सोडलं तेव्हा मान धरता यायची, बोलता यायचं, घास गिळता यायचा. बाकी सगळं अंग दुसऱ्यांच्या हवाली.

शिकेकाई

घरी आल्यावर मला पहिली हौस न्हाण्याची. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मला मोरीत नेलं. हे पाणी ओतणार, आरती चोळणार आणि मी हुकूम सोडणार. आरती म्हणाली, "मम्मी, आधी कंडिशनर लावू का?" मी म्हणाले, "अजिबात नाही. अंगात आधीच इतकी औषधं गेलीत, वर आणखी केमिकल नको. शिकेकाई आण. रिठा उकळ. पाणी कडक तापव." जन्मभर कंडिशनर विकलं आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा आजीच्या काळात गेले. "चोळ. अजून चोळ. जोर नाही का हातात?" पोरीनं बिचारीनं जीव लावून चोळलं.

केस वाळले तेव्हा आरतीचा चेहरा पडला. वेणी, अंबाडा, पिना, सगळ्याचा मिळून एक घट्ट गोळा झाला होता. तिनं आरसा धरून दाखवला. जुनं पायपुसणं गुंडाळून मानेवर बांधल्यासारखं दिसत होतं. फणी तर सोडाच, त्यात बोट शिरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्या आल्या. पिशवी दारातच ठेवली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मान पुढं घेऊन मागं बघितलं. मग आत गेल्या, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि त्या गोळ्यावर हळद वाहिली.

"जट हाय ही," त्या म्हणाल्या. "म्या काचेपाशी बोलले व्हते देवीला. हिला माघारी दे, तू म्हणशील ती खूण मी मानीन म्हणलं. दिली बग तिनं खूण."

आणि त्या वाकून माझ्या पाया पडल्या. सासू सुनेच्या पाया पडली. हे दारात उभे होते, पण आईसमोर ह्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, तेव्हाही फुटला नाही.

जट म्हणजे काय ते आपल्याकडं सांगायला नको. देवीनं धरलेले केस. फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही, मंगळवार-शुक्रवार पाळायचे, आणि ती जन्मभर वागवायची. कापली तर घरावर कोप. आत्यांच्या चुलत नणंदेनं अशीच मरेपर्यंत वागवली होती. मी मनात म्हणाले, उद्या सकाळी आरतीला सांगून कापून टाकते, म्हातारी चार दिवस रुसेल.

पण त्याच संध्याकाळी माझ्या उजव्या हाताचा अंगठा हलला.

फिजिओथेरपीचे सर आले होते, ते म्हणाले, "येतंय, ताई. आता येईल हळूहळू." त्यांच्या लेखी ते औषधांचं आणि दिवसांचं काम होतं. आत्यांनी मात्र भिंतीवरच्या देवीच्या फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं आणि, लाज वाटते सांगायला, पटलं.

ठेव ती कात्री

आरती कात्री घेऊन आली तेव्हा मीच म्हणाले, "ठेव ती."

"मम्मी, तू दुकानात लोकांना काय सांगतेस?"

"ठेव म्हणते ना."

"तू अशी बसणार काउंटरवर? माझ्या शाळेत अशी येणार?" पोर कात्री टाकून तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

मला सांगा, मी काय करायला हवं होतं? महिनाभर बोट हललं नव्हतं. हळद वाहिली आणि अंगठा हलला. माझं डोकं सांगत होतं की ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण कापलं आणि उद्या अंगठा थांबला तर? मुंग्या पुन्हा वर चढल्या तर? ज्याचं अंग एकदा गेलंय तोच ही भीती ओळखेल. शिकलेली, शहरातली, तोंडाळ बाई मी, आणि एका गुंत्याला भिऊन बसले होते.

शेजारच्या काकू नारळ घेऊन आल्या. माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मला पाय हलवता येत नव्हते, नाहीतर मागं घेतले असते. जाताना त्यांनी मुलाच्या लग्नाचं विचारलं, कधी जमेल म्हणून. मी म्हणाले, "काकू, पोराला आधी नोकरी बघू द्या." तो आशीर्वाद समजून त्या खुशीत गेल्या.

आठ दिवस असे गेले. गोळ्याच्या वजनानं मान दुखायची. कुशीवर झोपलं की कानामागं टोचायचं, तिथली कातडी लाल झाली. ओल आत राहिल्यामुळं कुबट वास यायचा आणि हळदीनं तो झाकला जायचा नाही. आरती माझ्याजवळ यायची, भरवायची, पुसायची, पण बोलायची नाही. मला रडू यायचं आणि डोळे पुसायलाही तिलाच बोलवावं लागायचं.

आत्यांचा प्रश्न

नवव्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. आत्या खिडकीशी बसून चातीवर लोकर कातत होत्या. गावाहून निघताना त्या पिशवीत दोन लुगडी, तंबाखू आणि लोकर घेऊन निघतात. रिकामा हात त्यांना सोसत नाही. कातता कातता त्यांनी विचारलं, "सुमन, कशी आली गं ही? सपान पडलं व्हतं का तुला? काय दिसलं?"

मोठ्या आशेनं विचारत होत्या. मी काहीही सांगितलं असतं तर त्यांनी मानलं असतं. पण बाहेर आलं ते खरंच आलं.

"स्वप्न नाही पडलं, आत्या. जाताना आरतीनं अंबाडा घातला. मग सव्वीस दिवस कुणी विंचरलं नाही. एवढंच झालं."

चाती थांबली.

"सव्वीस दिवस?"

"हो."

"कुणीच हात नाय लावला डोक्याला?"

"एक खाला होत्या, त्या पुढून खाजवून द्यायच्या. मागं नाही कुणी."

आत्यांनी चाती खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मेंढरू दुखण्याला पडलं तर आमी त्याच्या बी अंगावरनं रोज हात फिरिवतो. आन मी काचेतनं बघून माघारी गेले."

"तुम्हाला आत सोडत नव्हते."

"म्या इचारलं कुठं? फणी घिऊन जाऊ का म्हणून इचारलं का मी?"

मला वाटलं नव्हतं की त्यांना हे लागेल. मी तर सहज सांगितलं होतं. त्या उठल्या, माझ्यामागं आल्या आणि तो गोळा तळहातावर घेतला. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी त्याला हळद न लावता हात लावला. अंगठ्यानं दाबून बघितला, कडेचे चार केस ओढून बघितले, नाकाशी नेला.

"गरम पाण्यात चोळलं व्हय?"

"शिकेकाईनं. मीच सांगितलं."

"लोकर बी अशीच आवळती. घोंगडी घट्ट व्हावी म्हणून मुद्दाम चोळत्यात." असं म्हणून त्या मोरीत गेल्या, हातपाय धुतले आणि देवीच्या फोटोपुढं जाऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडं पाठ होती. बराच वेळ उभ्या होत्या. आल्या तेव्हा त्यांनी बाह्या वर सारल्या होत्या.

"तेल कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आत्या, नको. मला भीती वाटते."

"तू गप बस. तेल कुठाय ते सांग."

चार दिवस

तेलावरून आमचं आधी भांडण झालं. त्यांना करडईचं हवं होतं, मेंढरांच्या जखमेला लावतात ते. मी म्हणाले, खोबरेलच. मग मी माझी अक्कल वापरली, जी पहिल्या दिवशी वापरायला हवी होती. संध्याकाळी आरतीला दुकानात पाठवून साधं, स्वस्त, खूप निसरडं कंडिशनर मागवलं. महागाचं नको, अशा कामाला भरपूर लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोबरेल आणि कंडिशनर वाटीत कालवलं. आत्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "मेंढरू पळून जाईल ह्या वासानं." पण लावलं. गोळा दोन तास त्यात भिजवत ठेवला, वर कोरडं फडकं.

मग त्या सोडवायला बसल्या. फणी घेतली नाही. आधी पिना शोधून काढल्या, अकरा निघाल्या. बोटांनी आणि चातीच्या टोकानं त्यांनी कडेपासून सुरुवात केली. मधे हात घालायचा नाही, मुळाकडून ओढायचं नाही. टोकाकडचे चार केस धरायचे, मुळाशी दुसऱ्या हातानं दाबून धरायचं, म्हणजे डोक्याला हिसका बसत नाही. चार सुटले की पुढचे चार. लोकर पिंजतात तसंच, त्या म्हणाल्या, "घाई केली की तुटती." सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. गोळ्यातून केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात यायचे. ते बघून मी घाबरले, पण ते महिनाभरात आधीच गळालेले केस होते, बाहेर पडायला वाट नव्हती म्हणून आत अडकलेले. तुमच्याकडं असं झालं तर घाबरू नका.

आरती शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि दारात उभी राहून बघत राहिली. आत्या तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "हात धू आन ही बाजू धर." ती बसली. आजी तिला बोटं कशी फिरवायची ते दाखवत होती. त्या दिवशी आरती माझ्याशी पुन्हा बोलायला लागली. पहिलं वाक्य होतं, "मम्मी, हलू नको ना."

मान तेवढा वेळ ताठ राहत नव्हती. म्हणून ह्यांनी कंपनीतून दोन दिवस सुट्टी काढली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसून माझी हनुवटी तळहातावर धरून ठेवली. सोळा वर्षांच्या संसारात ह्यांनी इतका वेळ माझं तोंड हातात धरलेलं नव्हतं. काय बोलावं ते ह्यांना तेव्हाही सुचेना. शेवटी म्हणाले, "आज नळाला पाणी चांगलं आलं होतं." मला हसू आलं, आत्यांनी पाठीत चापट मारली, आणि ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी जवळून बघितलं.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी, कारण त्यासाठीच लिहायला बसलेय. माणूस दवाखान्यात जाताना एक घट्ट वेणी नको, अंबाडा तर नकोच. दोन सैल वेण्या घाला आणि कानांच्या पुढून छातीवर आणा, म्हणजे त्यांच्यावर डोकं येत नाही. उशीला जुन्या रेशमी साडीचा तुकडा गुंडाळा. रोज जमलं नाही तर दोन दिवसांनी, भेटायच्या दहा मिनिटांतली तीन मिनिटं फणीला द्या. मोठ्या दातांची घ्या. गुंता झालाच तर तो सुटेपर्यंत पाणी लावू नका, कोमट सुद्धा नको. शाम्पू कोणता हा प्रश्न शेवटचा. मी विकणारी आहे, माझं ऐका.

चौथ्या दिवशी दुपारी केस पाठीवर सुटे पडले. निम्मे राहिले होते आणि टोकं फाटलेली होती. उजव्या कानामागं बोराएवढी एकच गाठ उरली. आत्यांनी तिथं हात थांबवला.

"ही ऱ्हाऊ दे."

मी मनात म्हटलं, आता ही तरी देवीची ठेवणार. "आत्या, तीही काढा ना."

"ही तुझ्या हातची. हात वर गेला की तू सोड."

कान कुठाय

महिनाभर राहून त्या गावी गेल्या. त्यानंतर रोज सकाळी दीरांच्या मोबाइलवरून फोन. "हात कुठवर आला?" मी सांगायचे, छातीपर्यंत. खांद्यापर्यंत. टेबलावर कोपर टेकवून हनुवटीपर्यंत. फिजिओचे सर भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम द्यायचे, तो मी कंटाळून सोडायचे. कानाकडं हात न्यायचा मात्र सोडला नाही. ती गाठ रात्रंदिवस टोचत होती, आणि भीती अजून पुरती गेली नव्हती. वाटायचं, बाकीचे केस आत्यांनी सोडवले. शेवटची माझ्या हातून सुटली आणि अंग पुन्हा गेलं तर दोष कुणाला देऊ?

त्या दिवशी आरती शाळेत होती, हे कामावर. मी पलंगाला टेकून बसले होते. उजवा हात डाव्यानं ढकलत वर नेला. बोटं कानाला लागली. अडीच महिन्यांनी मला माझा कान लागला, गरम होता. गाठीवर तेल लावायला हात पुन्हा खाली आणावा लागला, पुन्हा वर न्यावा लागला. चार केस, मग चार केस. मधे तीनदा हात गळून पडला. किती वेळ लागला ते मी बघितलं नाही. गाठ सुटली तेव्हा केस बोटांमधून सरळ खाली आले. मी पायाची बोटं हलवून बघितली. हलली. मग आत्यांना फोन लावला.

"सुटली," मी म्हणाले.

पलीकडं लांब कुठंतरी मेंढरं ओरडत होती.

"आत्या, ऐकू येतंय ना?"

"येतंय. सगळी सुटली?"

"सगळी. माझ्या हातानं."

"मंग सांगते आता," त्या म्हणाल्या. "तवा सांगितलं आसतं तर तू मला हात लावू दिला नसता. त्या दिशी मी फोटोपुढं उभी ऱ्हायले ना, तवा तिला म्हणलं, हात मी घालते हाय. पोरीचा ह्यात काय गुन्हा नाय. रागवायचं तर माझ्यावर रागव आन हिचं दुखणं मला दे."

मी इतके दिवस समजत होते की त्यांचा विश्वास त्या दुपारी गेला. तो गेलाच नव्हता. जट आहे असं मानूनच त्यांनी ती चार दिवस सोडवली होती.

"आत्या, असं कुणी मागतं का?"

"मागितलं बया म्या."

"भीती नाही वाटली?"

"वाटली तर. अजून वाटती. रोज सकाळी उठले की आधी पायाची बोटं हलवून बघते."

मी रडत होते. फोन कानाला धरायला आता माझाच हात होता.

"मग?" मी विचारलं.

"हालत्यात. आज बी हालली. तिला बी पटलं आसंल बग."